यंत्राचें वाचन

‘इंद्रायणी’ हा एकच शब्द घ्या. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावून देहू-आळंदीकडे वाहणारी नदी ती इंद्रायणी; वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं बाहेर पडलेली तांदळाची सुवासिक जात तीही इंद्रायणी; आणि लोणावळ्यावरून धांवणारी एक आगगाडीही त्याच नांवाची. ‘इंद्रायणीला पूर आला’, ‘इंद्रायणी मऊ शिजली’, ‘इंद्रायणी चुकली’ हीं वाक्यें ऐकून मावळांतलें शाळकरी पोरही गोंधळत नाहीं. परंतु ज्यानें ना नदी पाहिली ना भात चाखला, त्या संगणकास हा भेद कळावा कसा?

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं ‘नेल’ नांवाची प्रणाली याच कामीं लावली. शहर, नदी, वनस्पति अशा शेंकडों वर्गांचीं मोजकीं उदाहरणें देऊन तिला आंतरजालावरील मजकूर अहोरात्र वाचावयास सोडलें. ओळखीचें शहर ज्या वाक्यरचनेंत येतें, तींत दुसरें नांव आढळल्यास तेंही शहर असावें, असें ती अनुमान करी. एकदां मात्र फसगत झाली. ‘कुकी’ म्हणजे बिस्किट. तसाच संगणकांत राहणारा एक नोंदींचा तुकडाही. प्रणालीनें दोन्ही भट्टींतले पदार्थ मानले. आणि लोक कुकी पुसतात तशा फायलीही पुसतात, म्हणून फायलीही खाऊंतच घातल्या! एक चूक दुसरीची आई झाली, आणि ती निस्तरावयास अखेर माणसेंच लागलीं.

आपल्याकडेही हें कार्य चाललें आहे. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटानें २०२२ सालीं बातम्या व इतर मजकूर यांतून सुमारें २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ प्रसिद्ध केला. त्यावर ‘महाबर्ट’ घडविण्याची रीत शाळेंतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ यासारखीच: वाक्यांतील शब्द झांकावयाचा आणि शेजारच्या शब्दांवरून तो ओळखावयास लावावयाचा. चुकलें कीं सुधारावयाचें. असें कोट्यवधि वेळां. ‘पूर’ शेजारीं असेल तर नदी, ‘शिजली’ असेल तर भात, हें यंत्रास संगतीवरूनच उमगतें.

परंतु येथेंच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जें लिहिलें गेलें तेवढेंच यंत्र वाचणार. लोणावळ्याची चिक्की आणि पावसाळी सहल यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. राब केव्हां भाजावा, खाचरांत पाणी किती ठेवावें, आवणीस हात केव्हां घालावा, हें जाणणारा मावळचा शेतकरी सहसा लिहीत नाहीं. उद्यां त्याच्याच नातवानें यंत्रास प्रश्न केला तर उत्तर सहलीचें मिळेल, शेतीचें नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं लेखणी आहे त्यांनीं वडीलधाऱ्यांचे शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांचा अनुभव पारखून लिहून ठेवावा. यंत्र शिकेल तेव्हां शिको. घरांतलीं मुलें तर तें आजच वाचतील.