पाहुण्या यायच्या आधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं, लिहिताना थोडं नीट करून)

दाराशी बसलेल्या नव्या गटातल्या सगळ्याजणी आधी पुढं या, सतरंजी रिकामी आहे.

आज हप्त्याचं आणि वसुलीचं बोलायचं नाही. ते पुढच्या सभेत, सुटका नाही. आज येळवसीचं बोलायचंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गटांच्या 22 जणी आपल्याकडं अभ्यासदौऱ्याला येणार आहेत. दोन मुक्काम आहेत. किल्ला बघतील, मैलारपूरला खंडोबाचं दर्शन घेतील आणि अमावस्येला आपल्याबरोबर शेतात जेवतील. राहायला आपल्याच घरांत. जेवणाखाण्याचे आणि मुक्कामाचे पैसे त्यांचा संघ देणार आहे. हे आपण पहिल्यांदाच करतोय. नीट झालं तर पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला जी गर्दी होते, तिला जेवण द्यायचं काम आपण धरू शकतो. बिघडलं तर काय ऐकून घ्यावं लागेल ते मी सांगायला नको.

मीही तुमच्याकडं पाहुणी म्हणूनच आले होते, तीन वर्षांपूर्वी. कोकणातली, भात खाणारी पोरगी, समाजकार्याची पदवी घेतलेली. पहिल्याच दिवशी पाच घरं फिरले आणि पाचही घरांत म्हणाले, "नको नको, आत्ताच झाला चहा." मला वाटलं, बायांचा त्रास वाचवला. संध्याकाळी एका ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, गल्लीत बोलायलेत, नवी मॅडम आपल्या घरचं पाणी पीत न्हाई म्हणून." मला धस्स झालं. त्या पाचांतली तीन घरं अशा वस्तीत होती, जिथं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी उंबऱ्याबाहेरूनच काम सांगितलं आणि पाण्याला हात लावला नाही. मी पोट भरलंय म्हणून नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी परत गेले, पाणी मागून प्यायले, चहा घेतला. त्या दिवशी नऊ कप झाले. रात्रभर झोप नाही.

मला आधी कुणी एक वाक्य सांगितलं असतं, "इथं तांब्या पुढं आला की एक घोट तरी घ्यायचा," तर हे झालंच नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पाहुण्या यायच्या आधी आपण त्यांना निरोप पाठवू. आपल्याकडं कसं असतं, काय चालतं, काय चालत नाही, किती पैसे लागतील, सगळं. व्हॉट्सअपवर, साध्या शब्दांत.

मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, पाहुण्यांना असं आधी सांगणं उद्धटपणाचं नाही का? मावशी, आपल्या खंडोबाकडंच बघा की. देव एक, मूर्ती एक आणि गावं दोन. सव्वा दहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने आपल्या नळदुर्गात. आणि देव न्यायचा-आणायचा तर दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचं कागदावर लिहून ठेवतात आणि त्यात कुणाला देवाचा अपमान वाटत नाही. मग 22 बायकांच्या मुक्कामाचं लिहिलं तर काय बिघडलं?

लांबचं उदाहरण सांगते. इटली देशात जगभरचे लोक फिरायला जातात. तिथल्या कितीतरी मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे उघडे असले तर आत सोडत नाहीत, तशी पाटी दारावरच असते. आपण देवळात चप्पल बाहेर काढतो तसंच हे. तिथल्या पुष्कळ हॉटेलांत नुसतं टेबलावर बसल्याचे आणि पुढं पाव ठेवल्याचे माणशी थोडे पैसे वेगळे लावतात. त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. तो आकडा मेनूकार्डावर आधीच छापलेला असतो. वाचून बसायचं, नाहीतर पुढं जायचं.

पैशाचं आपलंच अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या एका ताईंकडं किल्ला बघून आलेली पाच माणसं जेवली. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, ठेचा, वर दही. निघताना त्यांनी विचारलं, "किती द्यायचे?" आणि ताई काय म्हणाल्या? "द्या काय बी, घरचंच हाय." त्यांनी 100 रुपये ठेवले आणि गेले. पाच माणसांचे 100! ताई दोन दिवस गप्प होत्या. माझ्याशी बोलताना रडल्या, आणि वर म्हणाल्या, "पाहुण्याला पैसे मागायला तोंड उचलत नाही." खरं आहे, नाही उचलत. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की दारी आलेल्याला जेवू घालायचं, त्याचा हिशोब करायचा नाही. ते चांगलंच आहे, मी ते मोडा म्हणत नाही. पण ते आपल्या दारी आपणहून आलेल्यासाठी. आपण धंदा म्हणून ताट वाढणार असू तर दर आधी सांगायचा. जेवल्यावर सांगितला तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि नाहीच सांगितला तर आपण फसतो. म्हणून या वेळी घरोघरी पैसे घ्यायचेच नाहीत. ताटाचा आणि मुक्कामाचा दर आज इथं ठरवू, तो निरोपात जाईल, पैसे संघाच्या खात्यात येतील आणि तिथून घरटी वाटले जातील. येळवसीचं शेतातलं जेवण मात्र दरात धरायचं नाही, असं मला वाटतं. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आपण हाक मारून कोपीत बसवतो. त्याचे पैसे घेतले तर ती येळवस राहणार नाही. तुमचं वेगळं मत असेल तर बोला.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. मागच्या वर्षी जवळच्याच जिल्ह्यातून पाहुण्या आल्या होत्या, एका दिवसापुरत्या. जेवणं झाली. मी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन फिरत होते. एका पाहुण्या काकूंनी विचारलं, "एवढ्या पातळ भाकरी कुणी थापल्या? त्यांना बोलवा ना बाहेर." सगळ्या गप्प. भाकरी थापणाऱ्या मावशी चुलीपाशीच बसल्या होत्या, पहाटे पाचपासून. मालक गेल्यापासून त्या असल्या कार्यक्रमात पुढं येत नाहीत. ताट फिरतंय म्हटल्यावर त्या आतच राहिल्या. आणि मी, शिकलेली, मोठी समन्वयक, हातात ताट घेऊन पुढच्या बाईकडं सरकले. एक शब्द बोलले नाही. पाहुण्या निघून गेल्यावर आत गेले तर मावशीच मला म्हणाल्या, "जाऊ दे बाई, रीतच हाय."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. ठराव करणं गावाच्या हातात आहे, पण आपल्या कार्यक्रमात ताट कसं फिरेल हे आपल्या हातात आहे ना? येणाऱ्या 22 जणींत कुणाचे मालक आहेत, कुणाचे नाहीत, आपल्याला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. माझं सुचवणं असं की ताट कुणी फिरवायचं नाही. दाराजवळ चौरंगावर ठेवायचं. जिला लावायचं ती आपल्या हातानं लावेल. आपल्या गटातल्या मुस्लिम ताईंनाही दर वेळी कपाळावर हात धरून नको म्हणावं लागणार नाही. स्वागताला प्रत्येकीला एकेक गुलाबाचं फूल, सगळ्यांना सारखं. आणि ज्यांनी स्वयंपाक केला त्यांनी पाहुण्यांच्या पंगतीत बसायचं. वाढायला मी आहे.

बाकीचं भरभर सांगते. आग्रह दोनदाच करा. कोकणात 'पुरे' म्हटलं की वाढणारी थांबते. आपल्याकडं 'पुरे' म्हणजे अजून एक भाकरी. मला हे कळेपर्यंत माझं पाच किलो वजन वाढलं. ठेचा ताटात वाढू नका, वाटीत बाजूला ठेवा. आंबील त्यांना नवीन असेल, आधी अर्धा पेला द्या. संडास-न्हाणीघर कुठं आहे ते घरात पाऊल टाकल्याबरोबर दाखवा, पाहुणी बाई विचारायला लाजते. आतून कडी लागते का ते आजच बघा. एखादीला पाळी आली असेल तर कोपीपाशी पूजेला ये किंवा येऊ नको, काहीच म्हणू नका. तिचं तिला ठरवू द्या.

त्यांना काय सांगायचं? फोटो विचारून काढा, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे तर नकोच. किल्ल्याच्या तटाच्या कडेला बसू नका, दगडावर नावं कोरू नका. कोपीत जाताना चपला बाहेर. आणि एक गोष्ट खरी सांगून टाकू. पाणी महाल 1613 च्या सुमाराचा, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, तो त्यांना बघायला मिळेल. पण नर-मादीवरून पाणी पडतं ते बोरी नदी भरून वाहायला लागल्यावर. येळवसीला तिथं धबधबा नसणार. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्या आशेनं येतील आणि मग तोंडं उतरतील. आधीच सांगू, म्हणजे पावसाळ्यात परत येतील.

ज्यांच्या घरी दोन पाहुण्या राहू शकतात त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडं गुरुवारपर्यंत नाव द्या. कोपी दोन शेतांत घालायच्यात, कडबा कोण देणार तेही सांगा. भज्जीच्या शेंगा आणि पालेभाजी जिच्या रानात आहे तिनं हात वर करा, लिहून घेते.