‘आचा’ म्हणजे अच्छा नव्हे

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘आफ्रिकेत जाऊन आलेली’ अशी करून दिली. कालपासून मला तीनच प्रश्न विचारले जाताहेत. सिंह पाहिलास का, खायला काय मिळायचं, आणि तिथे इंटरनेट असतं का. सिंह पाहिला. खायला चपाती आणि चहा मिळायचा, आणि त्यांना स्वाहिलीतही ‘चपाती’ आणि ‘चाय’च म्हणतात. इंटरनेटचं म्हणाल तर केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा २००७ साली सुरू झाली. आपलं यूपीआय आलं २०१६ साली. त्यामुळे या बाबतीत आपण त्यांच्या मागच्या बाकावर आहोत, असं मी नम्रपणे सांगते.

मी पुण्याच्या एका कंपनीतर्फे २०२१ च्या अखेरीस नैरोबीला गेले. काम दिसायला साधं होतं. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर जाहिरातीचे मेसेज पाठवतात, ते लाखांनी पाठवणारी यंत्रणा सांभाळायची. तुम्ही ज्यांना शिव्या घालता, ते मेसेज. त्यांच्यामागे कुणीतरी माणूस असतो, आणि तो तुमच्या वर्गातलाही असू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

मी गेले तो काळ बदलाचा होता. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतल्या एकतिसाव्या कलमात खासगीपणाचा हक्क आहे. त्याच्या आधारे २०१९ साली तिथे डेटा संरक्षण कायदा झाला, २०२० मध्ये पहिल्या आयुक्त नेमल्या गेल्या आणि मग नियम आले. जाहिरातीच्या मेसेजबद्दल हे नियम अगदी स्पष्ट आहेत. मेसेज नको असेल तर तो कसा बंद करायचा हे ठळक आणि समजेल असं सांगा. बंद करायला कमीत कमी वेळ आणि कष्ट लागू द्या. त्याचे पैसे घेऊ नका, घ्यावेच लागले तर नाममात्र घ्या.

आम्ही नियम पाळला. प्रत्येक मेसेजखाली इंग्रजीत लिहिलं, ‘नको असल्यास स्टॉप असं उत्तर पाठवा.’ स्टॉप आलं की नंबर यादीतून बाद. तो कोड मी लिहिला आणि तपासून घेतला. वकिलांनी मान डोलावली, माझी मान ताठ झाली.

माझ्या इमारतीजवळ एक बाई भाजी विकायच्या. तिथे अशा भाजीवालीला ‘मामा म्बोगा’ म्हणतात. मामा म्हणजे आई. पन्नाशीच्या बाईला मामा म्हणून हाक मारायची सवय व्हायला मला महिना लागला. त्यांच्याकडे मी रोज सुकुमा घ्यायचे, आपल्या राजगिऱ्यासारखी रोजच्या जेवणातली पालेभाजी. पैसे अर्थातच मोबाइलवरून द्यायचे.

एक दिवस मी पैसे पाठवले, पण त्यांना मेसेज सापडेना. साधा बटणांचा फोन. त्या एकेक मेसेज उघडत होत्या आणि पुसत होत्या. सगळ्या जाहिराती. मागे दोन गिऱ्हाइकं उभी. शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, तूच शोध, तू कॉम्प्युटरवाली ना.

मी पाहिलं तर त्यातले निम्मे मेसेज आमच्याच यंत्रणेतून आलेले, एका दुकानांच्या साखळीचे. आणि त्या प्रत्येक मेसेजला बाईंनी उत्तर पाठवलेलं होतं. ‘आचा’. ‘सिताकी’. ‘तफाधाली आचा’. असं अकरा वेळा.

सिताकी म्हणजे मला नको. तफाधाली म्हणजे कृपा करून. आणि आचा म्हणजे थांबवा, सोडा.

मित्रहो, माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या गोष्टीने. आमच्या यंत्रणेत येणाऱ्या उत्तरांची वर्गवारी व्हायची. होकारार्थी उत्तर आलं की ते गिऱ्हाईक ‘उत्सुक’ ठरायचं आणि त्याला जास्त मेसेज जायचे. होकारार्थी शब्दांची यादी आम्ही पुण्यात बसून केली होती. चाचणीच्या उत्तरांमध्ये ‘आचा’ बऱ्याच वेळा दिसलं, तेव्हा मी हसून म्हणाले होते की बघा, हे लोकही आपल्यासारखंच ‘अच्छा’ म्हणतात. आणि तो शब्द मी माझ्या हाताने त्या यादीत घातला होता.

म्हणजे बाई अकरा वेळा ‘थांबवा’ म्हणाल्या आणि मी प्रत्येक वेळी ते ‘अच्छा, अजून पाठवा’ असं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी एका केनियन सहकारी मुलीला शेजारी बसवून मागच्या अडीच महिन्यांची उत्तरं वाचून घेतली. सुरुवातीला ती हसत होती. नंतर हसायची थांबली. कुणी लिहिलं होतं, हा फोन माझ्या वारलेल्या भावाचा आहे. कुणी नुसतंच विचारलं होतं, तुम्ही कोण? ही सगळी उत्तरं आमच्याकडे पडून होती, पण ती वाचायचं काम कुणाचंच नव्हतं.

मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, कुणी तक्रार केली आहे का? मी म्हटलं, हजारो लोकांनी केली आहे, आपल्याला ती वाचता आली नाही. यादी साफ करायला आठवडा लागला. स्वाहिलीतले नकाराचे शब्द घातले, आणि जिथे अर्थ लागत नाही तिथे नकार धरायचा असं ठरवलं. यादी निम्म्याहून लहान झाली. दुकानवाले चिडले. पण पुढच्या महिन्यात त्यांची विक्री काही पडली नाही, कारण जे गेले ते घेणारे नव्हतेच.

मग मी भाजीवाल्या बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ‘तू नंबर काढलास ते ठीक. पण मी तो दुकानाला दिला कधी होता?’

त्याचं उत्तर असं होतं की त्यांनी दिलाच नव्हता. एकदा त्या दुकानातून साबण घेतला, पैसे मोबाइलवरून दिले, तेव्हा नंबर दुकानदाराला दिसला आणि यादीत गेला. पुढे हा पूर्ण नंबर दुकानदाराला दिसणं बंद झालं. पण तोवर कित्येक याद्या अशाच तयार झाल्या होत्या. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरू नये, हे कायद्याचं मूळ तत्त्व आहे. मी ते प्रशिक्षणात तीनदा वाचलं होतं. कळलं मात्र भाजीच्या पाटीसमोर.

त्यांना हा प्रश्न सुचला कसा? तर जून २०२१ मध्ये केनियात लोकांना सरकारी संकेतस्थळावर आपलं नाव तपासता आलं आणि आपल्याला न विचारता आपण कुठल्या तरी राजकीय पक्षाचे सदस्य झालो आहोत, हे अनेकांच्या लक्षात आलं. आयुक्तांकडे तक्रारींची रीघ लागली. बाईंच्या भाच्याने त्यांचंही नाव तपासलं होतं, आणि ते एका पक्षात होतं. तेव्हापासून नंबर मागणाऱ्याला त्या ‘कशाला?’ म्हणून विचारायच्या. कायदा कागदावर असतो, तो चालू होतो तो या ‘कशाला?’ने.

याची दुसरी बाजूही सांगते. २०२३ मध्ये एक परदेशी कंपनी नैरोबीत लोकांच्या डोळ्यांची बुबुळं यंत्राने टिपत होती आणि बदल्यात सुमारे सात हजार शिलिंगांचं आभासी चलन देत होती. लोकांनी रांगा लावल्या. ऑगस्टमध्ये सरकारने ते थांबवलं. रांगेतल्या माणसांना मी मूर्ख म्हणणार नाही. घरभाडं थकलं असेल तर बुबुळ स्वस्त वाटतं. म्हणून सगळा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून चालत नाही, कायदाही लागतो.

आणि हे एकट्या केनियाचं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याची अंमलबजावणी जुलै २०२१ पासून सुरू झाली. तिथे अनोळखी माणसाची संमती मागायला जाहिरातदाराला एकदाच संपर्क करता येतो. नाही म्हटलं की संपलं. नायजेरियाने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण आयोगाने मेटा कंपनीला २२ कोटी डॉलर दंड ठोठावला.

सगळं गोड झालं असंही नाही. मोठ्या कंपनीकडे वकील असतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे शंभर गिऱ्हाइकांचे नंबर एका वहीत असतात, आणि दिवाळीला मेसेज करू की नको या भीतीने तो गप्प बसतो. मेसेजवरचा खर्च मग मोठ्या समाजमाध्यमांकडे वळतो, ज्यांच्याकडे आपली सगळी माहिती आधीच आहे. हा तिढा मला सुटलेला नाही.

आता आपल्या शाळेकडे येते. सप्टेंबर २०२३ मध्ये केनियाच्या आयुक्तांनी एकदम तिघांना दंड केल्याचं जाहीर केलं. कर्ज देणारी ॲप चालवणाऱ्या एका कंपनीला २९ लाख ७५ हजार शिलिंग. गिऱ्हाइकाचा फोटो न विचारता समाजमाध्यमावर टाकणाऱ्या एका हॉटेलला १८ लाख ५० हजार. आणि सर्वांत मोठा दंड, ४५ लाख ५० हजार, एका शाळेला. पालकांना न विचारता मुलांचे फोटो टाकले म्हणून. आपल्याकडेही २०२३ चा कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो.

स्वाहिलीत संमतीला ‘रिधा’ म्हणतात. मूळ अरबी शब्द तोच, ज्यातून आपला ‘राजी’ आला. माझ्या वडिलांच्या जुन्या खरेदीखतात एक वाक्य आहे, तुमच्याही घरात सापडेल, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’. केनियाच्या कायद्यात संमतीची जी व्याख्या आहे, की ती मोकळेपणाने दिलेली आणि समजून-उमजून दिलेली हवी, ती आपल्या कारकुनांनी या दोन शब्दांत कधीच बसवली होती. जमिनीच्या तुकड्यासाठी आपण हे लिहून घेत होतो. माणसाच्या माहितीसाठी मात्र विसरलो.

म्हणून संयोजन समितीला एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी आपण सर्वांचे पत्ते, फोन आणि जन्मतारखा छापणार आहोत. मागच्या मेळाव्याची यादी कुठून तरी प्लॉट विकणाऱ्यांकडे गेली, आणि तेव्हापासून आपल्या अर्ध्या वर्गाला दर रविवारी तळेगावला जमीन घ्यायचा आग्रह होतो आहे. दाराजवळच्या टेबलावर मी एक कागद ठेवला आहे. नाव, आणि पुढे तीन चौकटी: फोन छापायचा का, पत्ता छापायचा का, जन्मतारीख छापायची का. जी चौकट रिकामी राहील तिथे ‘नाही’ समजायचं. मुलांचे फोटो गटावर टाकण्याआधी शेजारणीला विचारायचं, एवढंच.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. त्या म्हणायच्या, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा. बाई, मी तीस वर्षांनी कबूल करते, मी तो एकदाही नीट वाचला नव्हता.

टेबलावर पेनही ठेवलं आहे.