डोंगरावरचे चर्च आणि किनाऱ्यावरचे चर्च



२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरच्या पुरोगामी वर्तुळांत त्याचे मोठे स्वागत झाले. पृथ्वीची हानी आणि गरिबांची हलाखी ही दोन निरनिराळी संकटे नसून एकच संकट आहे, ही त्याची मुख्य भूमिका. कार्बनच्या खरेदी-विक्रीचा बाजार मांडून हवामानाचा प्रश्न सुटणार नाही, उलट सट्टेबाजीला नवे कुरण मिळेल, असा इशाराही त्यात होता. रोममधून असे काही ऐकू येईल, ही अपेक्षा समाजवाद्यांनी कधी केली नव्हती.

परंतु परिपत्रक रोममध्ये लिहिले जाते आणि श्रद्धाळू माणूस आपल्या गावी, आपल्या पोटापाण्याच्या विवंचनेत राहतो. श्रद्धा आणि निसर्गरक्षण यांचे नाते व्यवहारात कसे असते, हे पाहावयाचे तर केरळकडे वळले पाहिजे. तेथे किनाऱ्यावर लॅटिन विधीचे कॅथलिक कोळी आहेत आणि डोंगरावर सीरो-मलबार विधीचे कॅथलिक शेतकरी. दोघांचे बायबल एक, पोपही एकच. निसर्गाच्या प्रश्नावर मात्र ही दोन चर्चे परस्परविरुद्ध दिशांना उभी राहिली.

प्रथम किनाऱ्याकडे पाहू. १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने कोल्लमजवळ मासेमारीच्या आधुनिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. हेतू कोळ्यांच्या उन्नतीचा होता. पण पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, यांत्रिक नौकांत बाहेरचे भांडवल शिरले आणि समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉल जाळी ऐन पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या हंगामातही फिरू लागली. लहान होडीवाल्याच्या जाळ्यात येणारे मासे घटले. फादर थॉमस कोचेरी हे धर्मगुरू पुंथुरा येथील कोळ्यांत जाऊन राहिले ते याच काळात. १९८० च्या दशकाच्या आरंभी ट्रॉलिंगविरोधी लढा पेटला. धर्मगुरूंप्रमाणे धर्मभगिनीही उपोषणाला बसल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लढणाऱ्यांनी आपली संघटना ख्रिस्ती ठेवली नाही. ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू कोळी एकत्र आले. वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना हे फारसे रुचले नाही, आणि कोचेरींना ‘लाल पाद्री’ ठरविणाऱ्यांची उणीव चर्चमध्येही नव्हती. तरीही १९८८ मध्ये केरळ सरकारला पावसाळी ट्रॉलिंगबंदी लागू करावी लागली. ती आजही दरवर्षी पाळली जाते.

आता डोंगराकडे. इडुक्कीचे ख्रिस्ती शेतकरी मूळचे तेथले नव्हेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यटंचाई झाली, तेव्हा ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणून त्रावणकोर सरकारनेच माणसांना जंगलात धाडले. त्यांनी हिवताप आणि हत्ती यांना तोंड देत जमिनी कसल्या. पट्टे मात्र अनेकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाहीत. १९६१ साली इडुक्कीच्या धरणासाठी हजारो कुटुंबांना पोलिसांकरवी उठवून भर पावसात अमरावती येथे आणून टाकण्यात आले. त्यांच्यासाठी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन तेथे उपोषणाला बसले आणि दोनच वर्षांपूर्वी कम्युनिस्ट सरकार उलथविण्यासाठी झटलेले फादर वडक्कन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भाकरीचा प्रश्न समोर आला म्हणजे कट्टर वैरीही एका मांडवात कसे बसतात, याचे हे उदाहरण डाव्या चळवळीने जपून ठेवायला हवे होते.

ही आठवण जिवंत असलेल्या माणसांसमोर २०१२ मध्ये माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाविषयीचा अहवाल आला आणि त्याच्या पाठोपाठ कस्तुरीरंगन समितीचा. गाडगीळांच्या अहवालात शेतकऱ्याला हुसकावण्याची भाषा नव्हती. निर्णय ग्रामसभांत व्हावेत, हाच त्याचा गाभा होता. तथापि तो इंग्रजीत होता आणि त्याचे मर्म गावोगाव कोणी समजावून सांगितले नाही. घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत, अशा वावड्या त्याच्या आधी पोहोचल्या. खाणवाल्यांना हे हवेच होते. इडुक्कीच्या धर्मप्रांताने अहवालाविरुद्ध आघाडी उघडली. काँग्रेसचे तेथील खासदार पी. टी. थॉमस यांनी एकट्याने गाडगीळांची बाजू घेतली, तर त्यांची लुटुपुटीची प्रेतयात्रा काढण्यात आली आणि तीत धर्मगुरू सामील झाले. २०१४ मध्ये पक्षाने थॉमस यांना तिकीट नाकारले. डाव्या आघाडीने चर्चच्या पाठिंब्याने उभ्या असलेल्या उमेदवाराला आपला म्हणून जवळ केले आणि तो निवडून आला. डिसेंबर २०२१ मध्ये थॉमस वारले. त्यांच्याच इच्छेनुसार चर्चचे कोणतेही विधी न करता त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले.

आघाडीने मते मिळविली, पण पट्ट्याचा प्रश्न सोडवून मग त्याच शेतकऱ्याला खाणीविरुद्ध उभे करण्याचे अवघड काम टाळले. पुढे २०१८ चा महापूर आला, त्यात इडुक्कीत जागोजागी दरडी कोसळल्या. ऑगस्ट २०२० मध्ये पेट्टिमुडीला दरडीखाली सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली. ती ना पट्टेदार होती, ना बिशपांच्या मोर्चातली. कंपनीच्या चाळींत राहणारे चहामळ्याचे तमिळ मजूर होते ते. डोंगराविषयीच्या त्या सगळ्या वादात त्यांचे मत कोणीच विचारले नव्हते.

तेव्हा चर्च निसर्गाच्या बाजूचे की विरुद्ध, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. किनाऱ्यावर निसर्गरक्षण म्हणजे उद्याची मासळी होती. डोंगरावर ते सरकारी माणसाच्या हातातले नवे बेदखलीचे कागद वाटले. व्यासपीठावरील धर्मगुरूने दोन्हीकडे समोरच्या बाकांवर बसलेल्यांचे भय बोलून दाखविले. डोंगरावर त्याने ते भय फुगविले, हा त्याचा दोष झाकण्याचे कारण नाही. पण भयाला आधार होता.

हवामानबदलाने तर किनाऱ्याचा प्रश्न आणखी बिकट केला आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा समुद्रात असलेले तिरुवनंतपुरम व कन्याकुमारीकडचे शेकडो कोळी परतले नाहीत. त्याच कोळ्यांनी पुढच्या ऑगस्टमध्ये आपल्या होड्या ट्रकांवर चढविल्या आणि पुरात अडकलेल्या मध्य केरळातील हजारो माणसांना बाहेर काढले. २०२२ मध्ये ते विळिंजम येथील अदानींच्या बंदराविरुद्ध उठले. बंदराच्या बांधकामामुळे किनारा खचतो, असे त्यांचे म्हणणे. सरकारला ते मान्य नव्हते. ज्यांची घरे समुद्राने गिळली, ती कुटुंबे वलियतुरा येथील सिमेंटच्या गोदामात दिवस काढीत होती. या लढ्याच्या सात मागण्यांपैकी दोन विचार करण्याजोग्या आहेत. वादळाच्या इशाऱ्यामुळे समुद्रात जाता येत नाही त्या दिवसांची भरपाई द्या, ही एक; आणि होडीच्या इंजिनासाठी स्वस्त रॉकेल द्या, ही दुसरी.

कार्बनचा हिशेब मांडणाऱ्या शहरी पर्यावरणवाद्याला दुसरी मागणी खुपेल. प्रायश्चित्तकाळात वीज आणि पेट्रोल कमी वापरण्याचा ‘कार्बन उपवास’ काही चर्चेसमध्ये पाळला जातो. मोटारवाल्यांनी तो जरूर पाळावा. ज्याच्या घरात समुद्र शिरला त्याने मात्र कशाचा उपवास करावयाचा? हवामानाचे राजकारण दैनंदिन जीवनात उतरते ते असे, रॉकेलच्या डब्यातून आणि बुडालेल्या मजुरीतून.

या लढ्याशी केरळचे डावे सरकार कसे वागले, हे सांगणे सुखाचे नाही. बंदराच्या समर्थनार्थ मार्क्सवादी पक्षाचे आणि भाजपचे जिल्हानेते एका मंचावर आले. पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, तो समर्थनीय नव्हताच. पण आर्चबिशपांवरही गुन्हे नोंदविले गेले आणि संपूर्ण आंदोलनाला जातीयतेचा रंग देण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. काम थांबविण्याची मागणी मान्य झाली नाही. मे २०२५ मध्ये बंदराचे उद्घाटन झाले.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंड यांच्याशी झुंज घेतली, तेव्हा ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी त्यांच्यामागे उभे राहिले. २०२४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वसईच्या उत्तरेस डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली; खर्च शहात्तर हजार कोटी रुपयांच्या वर. तेथील मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. पालघर जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर काही गावे क्रुसाला हात जोडून समुद्रात जातात, काही देवीला. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दोन्ही गावांत जावयाचे आहे. आणि जाण्यापूर्वी डिझेलचा भाव, बुडालेले दिवस आणि सातबाऱ्यावरील नावे यांची नीट चौकशी करून जावयाचे आहे.