परदेशस्थाचे पंचांग



अमेरिकेत राहणारा मराठी गृहस्थ सुटीवर गावी आला की त्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात : पगार किती, थंडी किती, धुणीभांडी कोण करते? तेथील वर्ष कसे सरते, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः परक्या देशाची ओळख धबधबे आणि पुतळे पाहून होत नाही, तेवढी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटताना होते.

पहिल्या वर्षी त्याला नवल वाटते ते सोमवारचे. आपल्याकडे चतुर्थी बुधवारी आली तर गणपती बुधवारीच बसतो. तेथे १९६८ साली कायदा झाला आणि १९७१ पासून काही राष्ट्रीय सुट्या आपल्या तारखा सोडून सोमवारी आल्या. लोकांना सलग तीन दिवस मोकळे मिळावेत, हा हेतू. वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारीचा. सुटी मात्र फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी, आणि तो सोमवार २२ तारखेला कधी येऊच शकत नाही! परदेशस्थ या व्यवहारीपणाला प्रथम हसतो. पुढे महाराष्ट्र मंडळाची सूचना हाती पडते : गणेशोत्सव शनिवारी, कारण शाळेचे सभागृह त्याच दिवशी मिळते. मग त्याचे हसणे थांबते.

थँक्सगिव्हिंगची कथा याहून रंजक. लिंकन यांनी १८६३ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला. १९३९ साली रूझवेल्ट यांनी, व्यापाऱ्यांना नाताळच्या विक्रीसाठी अधिक दिवस मिळावेत म्हणून, तो आठवडाभर अलीकडे आणला. कित्येक राज्यांनी ते मानले नाही आणि देशात दोन निरनिराळे गुरुवार साजरे झाले. अखेर १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार ठरला. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या वादात वाढलेल्या माणसाला हा तंटा घरचाच वाटावा. त्या दिवशी रस्ते ओस पडतात, जो तो आईबापांच्या घरी पोहोचलेला असतो. शेजारी आग्रहाने जेवायला बोलावतात. टर्की बाजूला सारून रताळी आणि भोपळ्याचा गोड पदार्थ खाताना, आपले आईबाप या वेळी झोपेत असतील, हा हिशेब मनात चालूच राहतो.

चित्रपटगृहात पहिला धक्का बसतो तो मध्यंतर नसण्याचा. दोन तास कोणी हलत नाही, चहावाला येत नाही. सरकारी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्रही दिसत नाही. कोणत्या वयाने काय पाहावे याची वर्गवारी १९६८ पासून चित्रपटव्यवसायाची स्वतःची संस्था करते. नाताळात दूरचित्रवाणीवर 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा चित्रपट हटकून लागतो. प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याला फारसे यश मिळाले नव्हते. १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्या तो विनामूल्य दाखवू लागल्या आणि घरोघर नाताळची रीत होऊन बसली. परंपरेचा जन्म असा कारकुनी विसरातूनही होतो तर!

खरा पेच नोव्हेंबरातल्या मंगळवारी. १८४५ च्या कायद्याने ठरलेला हा मतदानाचा दिवस : पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. रविवारची प्रार्थना आटोपून घोडागाडीने गावी पोहोचण्यास शेतकऱ्याला सवड हवी होती, असे कारण सांगतात. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. आणि देशभर सुटीही नाही. कचेरीतले सहकारी मत देऊन, कोटाला चिकटपट्टी लावून परततात. याने त्यांच्याइतकाच कर भरलेला असतो, मत मात्र नसते. अधिक मते मिळालेला उमेदवार २००० आणि २०१६ साली अध्यक्ष का झाला नाही, हे तो मुलाला नीट समजावू शकतो. मतदानकेंद्राच्या दारापर्यंतच त्याची मजल.

मत हवे तर नागरिकत्व, आणि त्यासाठी मूळ देशाची निष्ठा सोडल्याची शपथ. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. २००५ पासून मिळू लागलेल्या परदेशस्थ नागरिकत्वाच्या कार्डाने येण्याजाण्याची सोय झाली, मताचा हक्क नाही. म्हणून अर्ज खणात पडून राहतो. प्रत्येक गावभेटीत वडिलांना सांगायचे ठरते आणि प्रत्येक वेळी राहून जाते. वडिलांनी तो पासपोर्ट मिळवण्यासाठी किती हेलपाटे घातले होते, ते त्याला ठाऊक असते.

काहींनी हा उंबरठा ओलांडला. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार नोव्हेंबर २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा दिवाळीसाठी प्रथमच बंद राहिल्या, आणि ती सुटी सोमवारी सरकवावी लागली नाही.

शपथ घेऊन परतलेला गृहस्थ त्या संध्याकाळी फारसे बोलत नाही. जेवण होते, मुले झोपतात. स्वयंपाकघरात बँकेच्या दिनदर्शिकेशेजारी 'कालनिर्णय' टांगलेले असते. तो नोव्हेंबरचे पान काढतो, मंगळवारच्या चौकोनात तिथीखाली जागा पाहतो आणि बारीक अक्षरात लिहितो : मतदान. मग गावी फोन लावतो.