सुरांबरोबर नावेही जपू या



मंडळाच्या कपाटातील सीडी संगणकावर उतरविण्याचे कार्य आम्ही काही सभासदांनी हाती घेतले आहे. त्यासंबंधी दोन शब्द.

सूर उतरविणे सोपे; नावे जपणे कठीण. बहुतेक सीडींवर गाणी असतात, परंतु त्यांची नावे नसतात. ती असतात सोबतच्या छापील पुस्तिकेत. संगणक ही माहिती इंटरनेटवरील सूचीतून आणतो; तीत मराठी नावे बहुधा रोमन लिपीत आणि पुष्कळदा अपुरी असतात.

गीतरामायणाचेच पाहा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते प्रसारित झाली. सुधीर फडके यांच्या स्वरातील संचाला माहितीचे टॅग लावताना केवळ गायकाचा रकाना भरला, तर गदिमा अदृश्य होतात. गीतक्रमांक व सीडीक्रमांक न लिहिले, तर गीते अकारविल्हे लागतात आणि रामजन्माआधीच वनवास घडतो!

म्हणून आम्ही फ्लॅक स्वरूपात ध्वनी जसाच्या तसा ठेवतो. गायक, गीतकार, संगीतकार हे रकाने देवनागरीत स्वतंत्रपणे भरतो. मुखपृष्ठासह पुस्तिकेचे प्रत्येक पान स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो.

परप्रांतात वाढलेली आपली मुले उद्या विचारतील, 'हे गीत कोणी लिहिले?' सांगणारे वडीलधारे तेव्हा नसतील. उत्तर त्या रकान्यात असावे. आपल्या घरी अशा पुस्तिका असल्यास त्या रद्दीत न घालता मंडळास द्याव्यात, ही नम्र विनंती.