१ जून आणि होळी



ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो त्यांनी हात वर करा म्हटलं, तर अर्धा मांडव हात वर करील. माझाही तोच! दाखल्यावर तारीख हवी, म्हणून गुरुजींनी ती लिहिली. आई मात्र माझा जन्म होळीवरून सांगते. आणि ती कोणती होळी, हे त्या रात्री कोणी कोणतं गाणं उचललं त्यावरून.

काठीची होळी तुम्ही पाहिली आहे. कमरेला भोपळे, पायात घुंगरू, रात्रभर ढोल, आणि पहाटे होळी पेटते. ती रात्र कशी सरली कळत नाही. नंतर आठवताना मात्र महिन्याएवढी मोठी वाटते. ऑफिसातली दुपार नेमकी उलटी. सरता सरत नाही, आणि वर्षाअखेर तिच्यातलं काही आठवत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० साली हेच लिहून ठेवलंय. आमच्या आजीला ते न वाचताच ठाऊक होतं.

गाणं मधूनच आठवत नाही. मागची ओळ पुढचीला ओढून आणते. आपल्या मोबाइलात मात्र दोन-दोन मिनिटांचे तुकडे आहेत. गेल्या होळीनंतर आईचं एक गाणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलं. दोनदा ती अडली, दोन्ही वेळा शेजारच्या काकींनी ओळ दिली. काकी आता फारच थकल्यात.

मांडवाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. तुमच्या पाड्यावर पूर्ण गाणं कोणाला येतं, ते जेवायला जाण्याआधी तिच्यात लिहा.