लिंबूटिंबू



व्हिडिओ गेम हा वसंत व्याख्यानमालेचा विषय कसा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. खेळांची तरफदारी वा निंदा मला करावयाची नाही. नवा खेळ माणसाला शिकवावा कसा, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. तेव्हा असे खेळ रचणे हे आता आपल्या मुलामुलींचेही काम झाले आहे.

येथे येताना हार्बरच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलवर नवा खेळ उघडला. सूचनांचे एक पान आले, मग दुसरे. नंतर सारा पडदा काळवंडला आणि चित्रातले एक बोट 'येथे दाबा' म्हणू लागले. गृहस्थ दाबीत गेले. मानसरोवर मागे पडले तेव्हा बोट नाहीसे झाले, खेळ खरोखरी सुरू झाला, आणि आता काय करावे हे त्यांना उमजेना. खांदेश्वर येण्यापूर्वी त्यांनी तो काढूनही टाकला. "आपल्याला नाही जमायचं हे," मला म्हणाले. चूक शिकवणाऱ्याची, आणि ठपका शिकणाऱ्याने स्वतःवर घेतला, याचे मला वाईट वाटले.

लपंडावाचे नियम आपल्याला कोणी समोर बसवून सांगितले होते काय? धाकटे भावंड रडू लागले की आई म्हणे, "त्यालाही घ्या रे," आणि थोरली मुले त्याला लिंबूटिंबू म्हणून घेत. त्याने सर्वांबरोबर पळावे, लपावे. सापडले तरी त्याच्यावर राज्य नाही. चुकण्याची धास्ती नसल्यामुळे ते पोर खेळता खेळताच खेळ शिके.

१९८५ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये शिगेरू मियामोतो यांनी नेमके हेच साधले आहे. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. कोठे जावयाचे हे सांगावे लागत नाही. समोरून एक शत्रू सावकाश येतो. त्याचा धक्का लागून मारिओ मेला तरी गमावली ती दोन-चार पावले! पुढे एका ठोकळ्यातून अळंबी निघते, नळावर आपटून परत फिरते. शत्रू समजून तिला चुकवू पाहणाऱ्याचे डोके वरच्या ठोकळ्यांना लागते, तो बहुधा तिच्यावरच पडतो, आणि मारिओ मोठा होतो. भित्र्यालाही बक्षीस मिळेल अशी ही योजना आहे.

पण अंगणातल्या त्या रीतीला आणखी एक बाजू होती. एके दिवशी ते पोर सापडते, सवयीने कोणी त्याच्यावर राज्य देत नाही, आणि ते पाय आपटून ओरडते, "मी लिंबूटिंबू नाही!" त्या दिवसानंतर सवलत हा अपमान होतो. गाडीतल्या त्या बोटाला हे कळत नाही. ज्याला येते त्याचेही मनगट ते सोडीत नाही.

मारिओच्या पहिल्याच टप्प्यात शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मधल्या फटीत जमीन आहे. उडी हुकली तर खाली पडावे आणि पुन्हा वर यावे. थोडे पुढे गेले की तशाच पायऱ्या, तशीच फट, आणि आता खाली काही नाही. मध्ये सूचनेचा एक शब्दही येत नाही.